सोन्याचं मांजर

परवा एका मुलीने मला फोनवर विचारलं, "काका, याआधी तुम्ही कधी मांजर पाळलं होतं का? आणि पाळलं असेल तर त्याचं पुढे काय झालं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी झटकन दिलं. दुसऱ्यापाशी मात्र बोरघाट चढणाऱ्या मालगाडीसारखा अडलो. मालगाडीला निदान मागून ढकलायला इंजिनं लावतात. माझ्यामागे आमची ही उभी होती, आणि ती ढकलण्याऐवजी कान देऊन ऐकत होती.

त्याचं असं झालं. पेन्शनीत निघाल्यावर आम्ही लोणावळ्याला तुंगार्लीत तळमजल्यावर एक लहानसं घर घेतलं. वास्तुशांत करून आत आलो तेव्हा कळलं, की उंदरांनी आमच्या आधीच गृहप्रवेश केलेला आहे. पहिल्या महिन्यात त्यांनी इंद्रायणी तांदळाच्या पिशवीला भोक पाडलं, दुसऱ्या महिन्यात माझ्या पेन्शनच्या कागदांना. कागद खाल्ले त्याचं हिला विशेष वाटलं नाही. तांदूळ खाल्ला म्हटल्यावर मात्र तिने निर्णय दिला, "मांजर आणा."

आता आणा म्हणजे कुठून आणा? वास्तविक आपल्या भाषेत 'मांजर आणणं' हा व्यवहारच नव्हता. गाय आणतात, म्हैस आणतात, फार काय सूनही आणतात. मांजर 'येतं'. कुणी मुद्दाम जाऊन मांजर आणलं, असं माझ्या लहानपणी मी ऐकलं नव्हतं. म्हणून मी सल्ला विचारत सुटलो, आणि लोणावळ्यात चिक्कीखालोखाल मुबलक मिळणारी वस्तू म्हणजे सल्ला. शेजारचे नाना म्हणाले, "पुण्याला दुकानात जा. चपट्या नाकाचं इराणी मांजर मिळतं." मी किंमत विचारली. त्यांनी सांगितली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पुण्यातली आमची मुलगी म्हणाली, "बाबा, मांजर विकत नसतं घ्यायचं, दत्तक घ्यायचं असतं." आणि आमचा नाणे मावळातला दूधवाला सायकलवरून न उतरता म्हणाला, "आणायचं कशापायी, साहेब? दार उघडं ठिवा. येतंय."

नोकरीतली माझी एक सवय अजून सुटलेली नाही. एखादं काम टाळायचं असलं, की मी त्या कामाचा इतिहास वाचायला घेतो. म्हणून मांजराचा इतिहास काढून बसलो. दहा हजार वर्षांचा इतिहास वाचून झाल्यावर जो निष्कर्ष निघाला, तो दूधवाल्याने आधीच सांगितलेला होता.

कुत्रा माणसाने पाळला, असं म्हणायला जागा आहे. मांजराच्या बाबतीत तसं म्हणणं म्हणजे घरमालकाला भाडेकरू म्हणण्यासारखं आहे. नैर्ऋत्य आशियात माणूस शेती करायला लागला, धान्य साठवायला लागला. साठ्यावर उंदीर आले आणि उंदरांवर तिथली रानमांजरं आली. त्यांना कुणी बोलावलं नाही, कुणी हाकललंही नाही. आज जगभर घरोघरी जी मांजरं आहेत ती सगळी नैर्ऋत्य आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या त्या एकाच जातीच्या रानमांजराची वंशज, असं २००७ साली शास्त्रज्ञांनी पेशींतल्या खुणा तपासून जाहीर केलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय. त्यात माणसाशेजारी एक मांजर व्यवस्थित पुरलेलं आहे. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती. म्हणजे कुणीतरी होडीत घालून ते तिकडे नेलं असणार. मांजर 'आणल्या'ची ही एक फार जुनी नोंद.

आपल्याकडचा पुरावा तर याहून जिवंत आहे. सिंधू संस्कृतीतल्या चन्हुदडो गावच्या उत्खननात एक वीट मिळाली. ओली वीट वाळत घातलेली असताना तिच्यावरून आधी मांजर गेलं आणि मागोमाग कुत्रं. दोघांचे पंजे विटेवर कायमचे उठले. चार हजारांवर वर्षं झाली, राज्यं आली नि गेली, लिपी कुणाला वाचता येईना, पण ते मांजर अजून पुढे आहे आणि कुत्रं अजून मागे.

इजिप्तवाल्यांनी मांजराला देव केलं, हे आपण शाळेत शिकलो. पुढचं शाळेत शिकवत नाहीत. १८८८ च्या सुमारास बेनी हसन या गावाजवळ मांजरांच्या हजारो ममी सापडल्या. त्या बोटीत घालून लिव्हरपूलला नेल्या आणि दळून शेतात खत म्हणून टाकल्या. देव करून घेण्यात हा धोका असतो. लोकांची श्रद्धा गेली की तुमचं खत होतं.

मावळात मांजर कधी आलं याची नोंद नाही. पण माझा एक तर्क आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचं बंदर होतं. पहिल्या-दुसऱ्या शतकात तिथून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार चाले. त्या बंदरात लाडक्या प्राण्यांचं एक स्मशानच सापडलंय. पुरलेल्यांत बहुतेक मांजरं, काहींच्या गळ्यात पट्टे. त्याच सुमाराला इकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब कोरून देणाऱ्या दात्यांमध्ये 'यवन' म्हणवणारे लोक आहेत, ते शिलालेखांत वाचायला मिळतं. गलबतावर धान्य आलं म्हणजे उंदीर आला, उंदीर आला म्हणजे मांजर आलं. गलबतातला माल बैलांच्या पाठीवरून बोरघाट चढला असेल, तर एखादी गाभण मांजरीही गोणीवर बसून वर आली असेल. घाटमाथ्यावर येऊन तिने पाहिलं असेल, समोर भातखाचरं. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, जिकडे बघावं तिकडे भात. आंबेमोहोराच्या वासाने उंदीर खूष आणि उंदरांच्या वासाने ती खूष. अशा जागेवरून कोण उठणार? हा केवळ तर्क आहे, पण इतिहासात याहून कमी पुराव्यावर जयंत्या साजऱ्या होतात.

आमचं घर तळेगाव दाभाड्याचं. माजघरात भाताच्या दोन कणग्या होत्या आणि त्यांची राखण करणारी मांजरी कायम असे. ती कुठून आली, हे कुणी विचारत नसे. बहुधा ती माळ्यावर जन्मलेली असायची, आणि तिची आईसुद्धा माळ्यावरच. मांजरी पिल्लांना सात घरं हिंडवते, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तोंडात पिल्लू धरून ती आज आमच्या माळ्यावर, चार दिवसांनी जोश्यांच्या फडताळात, पुढे तांबटआळीतल्या कुणाच्या तरी गोधड्यांत. ज्या घरी मुक्काम असताना पिल्लांचे डोळे उघडले आणि दूध मिळालं, त्या घरात एखादं पिल्लू मागे राहायचं. अर्ज नाही, पैसा नाही. मांजर मिळवायची ही आपली जुनी पद्धत. निवड मांजरीने करायची.

शास्त्रकारांचा मात्र या पद्धतीला विरोध दिसतो. ज्याचं कुळशील ठाऊक नाही त्याला आसरा देऊ नये, हा धडा 'हितोपदेशा'त आहे आणि तो शिकवायला गोष्ट घेतलीय ती मांजराचीच. दीर्घकर्ण नावाचं मांजर म्हाताऱ्या गिधाडाला गोड बोलून झाडावर मुक्काम ठोकतं आणि पाखरांची पिल्लं फस्त करतं. जीव जातो बिचाऱ्या गिधाडाचा. गोष्ट आमच्या आजीला पाठ होती. ती सांगतानासुद्धा तिच्या मांडीवर एक कुळशील ठाऊक नसलेलं मांजर झोपलेलं असे.

पण या पद्धतीत एक मोठी अडचण होती. हिशेबाची. मांजरी साधारण नऊ आठवड्यांत वितात, वर्षातून दोन-तीनदा, आणि चार-पाच महिन्यांची पिल्लू-पोरगीसुद्धा आई होऊ शकते. घरं सातच आणि पिल्लं वाढत जाणारी. मग उरलेल्यांचं काय करायचं?

मारायची सोय नव्हती. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे मध्यमवर्गाच्या कानावर लहानपणापासून. काशीचं तिकीट आणि वर सोनं! तेव्हा आपल्या पूर्वजांनी यातून एक पळवाट काढली, आणि ती इतकी बिनचूक, की तिच्यापुढे आजच्या वकिलांनी हात टेकावेत. पाप मारण्याला आहे, 'सोडून येण्या'ला नाही. पोत्यात घालायचं, नदीपलीकडे न्यायचं, तोंड सोडायचं आणि मागे न बघता परत यायचं. पलीकडच्या गावचे लोक त्यांची मांजरं आपल्याकडे आणून सोडत. दोन्ही गावांना पुण्य नाही, पण पापही नाही.

या पळवाटेवर आपल्याकडे फारसं कुणी बोट ठेवलं नाही. मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा १८३२ साली पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली आणि त्याच्या पाठोपाठ १८३४ साली जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने पांजरपोळ निघाला. १८७४ साली प्राण्यांवरची क्रूरता थांबवण्यासाठी मुंबईत सोसायटी झाली आणि पुढे परळला दवाखाना. लोकांनी त्याचं नाव पाडलं 'बैलघोड्याचं हॉस्पिटल'. या नावात मांजर कुठे आहे? बैल ओझं ओढतो, घोडा गाडी ओढतो. मांजर काहीच ओढत नाही, फार तर हातरुणाची चादर. तिकडे लंडनला मेरी टील्बी नावाच्या बाईंनी १८६० साली हरवलेल्या कुत्र्यांसाठी घर काढलं, त्यातही मांजरांना आत घ्यायला १८८३ साल उजाडलं. पण एकदा घेतलं ते घेतलं. २०११ साली ब्रिटिश पंतप्रधानांच्या घरी उंदीर झाले तेव्हा लॅरी नावाचा बोका याच संस्थेतून दत्तक आला. पंतप्रधानाला चालतं ते तुंगार्लीला न चालायला काय झालं?

मांजराची सरकारदरबारी वट होण्याची एक संधी आपल्याकडेही आली होती. प्लेगच्या साथींनी महाराष्ट्र पोळला. त्या काळात विदर्भात नोकरीला असलेले ब्यूकॅनन नावाचे एक सरकारी डॉक्टर गावोगावची मांजरं मोजत सुटले. जिथे मांजरं पुष्कळ तिथे प्लेग कमी, असा त्यांचा अनुभव. १९०८ साली त्यांनी तो ब्रिटिश डॉक्टरांच्या नियतकालिकात मांडला. घरोघर मांजर पाळा, असं त्यांचं सांगणं. मांजरालाही प्लेग होतो आणि ते तो माणसाला देऊही शकतं, हे आता कळलेलं आहे. त्यामुळे कल्पना बिनधोक नव्हती. पण मांजरांची खानेसुमारी करणारा एक तरी साहेब आपल्याकडे होऊन गेला, याचं मला बरं वाटतं.

कायदा आला तो १९६० साली. प्राण्याचे उपाशीतापाशी हाल होतील अशा जागी त्याला सोडून देणं हा त्यात गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला जास्तीत जास्त पन्नास रुपये. सोन्याच्या मांजरावरून एकदम पन्नास रुपयांवर! भाव इतका घसरलेला दुसरा जिन्नस मला माहीत नाही.

आणि १९६९ साली, म्हणजे हा कायदा होऊन नऊ वर्षं झालेली असताना, आमच्या घरी तो गुन्हा घडला. आरोपी दोन. एक माझे काका, आणि दुसरा मी, वय वर्षं अकरा.

मांजरीचं नाव ठकी. कबऱ्या रंगाची, शेपटीचं टोक वाकडं. त्या वर्षी ती तिसऱ्यांदा व्यायला झालेली होती आणि जोश्यांनी, तांबटआळीने, सगळ्यांनीच "आता नको हो" म्हणून सांगितलं होतं. नदीपलीकडे तिला दोनदा सोडून झालं होतं. दोन्ही वेळा ती आमच्या आधी घरी येऊन ओट्यावर अंग चाटत बसली होती. संस्कृतातल्या 'मार्जार' शब्दाचा अर्थ स्वतःला स्वच्छ ठेवणारा, असं म्हणतात. ठकीने तो अर्थ आमच्या तोंडावर करून दाखवला.

तेव्हा काका म्हणाले, "आता हिला आगगाडीच दाखवली पाहिजे." ज्येष्ठ महिना होता. पोतं माझ्या मांडीवर. वडगाव गेलं, कान्हे गेलं, कामशेत गेलं, तोवर ती आत ओरडत होती. मळवलीला गप्प झाली. मी पोत्यावर हात ठेवला तर आतून तिने डोकं घासलं. तिला वाटलं असणार, ओळखीचा माणूस आहे, म्हणजे काळजी नाही.

लोणावळ्याला बंगल्यांच्या एका गल्लीत काकांनी पोत्याचं तोंड सोडलं. ठकी बाहेर आली, इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या पायाशी येऊन बसली. काका म्हणाले, "चल, मागे बघू नकोस." मी बघितलं. परतीच्या गाडीत त्यांनी मला चिक्की घेऊन दिली आणि म्हणाले, "अरे, मोठमोठे शेटलोक राहतात इथे. मलई खाईल लेकाची. आपल्यापेक्षा मजेत राहील." ते मला पटलं. चिक्की तोंडात असली की पुष्कळ गोष्टी पटतात.

ते न पटायला मला पुढे बरीच वर्षं लागली. लोणावळ्याचा हंगाम त्या काळी उन्हाळ्याचा असे. पाऊस लागला की शेटलोक मुंबईला परत, बंगल्यांना कुलपं. आज भुशी धरणावर भिजायला लोटणारी गर्दी तेव्हा नव्हती. आणि लोणावळ्याचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर चार-पाच हजार मिलिमीटर. पोटुशी ठकी आम्ही सोडली ती पाऊस सुरू व्हायच्या आठवड्यात, कुलपं लागणाऱ्या गल्लीत. काकांना हे माहीत होतं का? नसावं. असलं तरी त्यांनी मागे बघितलं नसतं. पद्धतच तशी होती.

तर दूधवाल्याच्या सल्ल्याप्रमाणे आम्ही महिनाभर दार उघडं ठेवलं. एक बेडूक आला, एक विक्रेता आला आणि उंदरांचे नातेवाईक आले. शेवटी मुलीने पुण्याच्या एका प्राणिप्रेमी मंडळींचा फॉर्म भरला आणि आमची मुलाखत ठरली. मी आयुष्यात दोनच मुलाखती दिल्या. एक नोकरीची, एक लग्नाची. दोन्हींना इतका घाम फुटला नव्हता. घर स्वतःचं का? खिडक्यांना जाळी आहे का? गावाला गेलात तर मांजराला कोण बघणार? लस टोचाल का? पुढे पिल्लं होऊ नयेत म्हणून वेळेवर ऑपरेशन कराल ना? हा शेवटचा प्रश्न ऐकून मला वाटलं, अरे, सात घरांचा हिशेब सोडवायची ही साधी युक्ती. आमच्या घरी पोत्याशिवाय दुसरं काही सुचलं नव्हतं. तोंडाने मात्र "हो, हो" म्हणत होतो.

आणि मग तो प्रश्न आला. त्याचं पुढे काय झालं?

सांगता आलं असतं, म्हातारपणाने गेलं म्हणून. फोनवर कुणाला दिसतंय? पण मागे ही उभी होती, आणि मला उगाच मांडीवर काहीतरी डोकं घासल्यासारखं वाटलं. मी सगळं सांगितलं. पोतं, गाडी, मळवली, चिक्कीसुद्धा. हिलासुद्धा त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती मुलगी म्हणाली, "कुठे सोडलं होतं म्हणालात?"

"लोणावळ्यात. बंगल्यांच्या गल्लीत."

"काका, अजून तिथेच सोडतात. सुट्टीपुरतं पिल्लू घेतात, मुलं खेळतात, रविवारी संध्याकाळी गाड्या निघून जातात. आमच्याकडे आत्ता दोन आहेत, एका बंद बंगल्याच्या गेटपाशी मिळालेली. तुम्ही एक मागितलंय. पण ती दोघं एकमेकांना सोडत नाहीत."

मी विचारलं, "म्हणजे मला मांजर मिळणार?"

"एक नाही मिळणार," ती म्हणाली. "दोन घ्यावी लागतील."

निकाल असा लागला. पुढच्या रविवारी ती दोघं एका टोपलीत बसून पुण्याहून आली. म्हणजे १९६९ साली जो प्रवास मी एका मांजराला करायला लावला त्याच रुळांवरून, मुकाट्याने. मळवली गेल्यावर ओरडायला लागली, असं आणणारा म्हणाला. एक काळं, एक कबरं. कबऱ्याची शेपटी सरळ आहे, ते मी आधी बघून घेतलं. ठकीच्या वंशातलं असेल का? चौपन्न-पंचावन्न पिढ्यांचा हिशेब कोण लावणार? कुळशील ठाऊक नाही एवढं खरं. हितोपदेश मी वरच्या फळीवर ठेवून दिलाय.

उंदरांविषयी विचाराल तर ते आहेत. या दोघांना तांदळापेक्षा आणि उंदरांपेक्षा बाजारातलं बंद पाकिटातलं खाणं आवडतं. ते, लशी, ऑपरेशनं, खिडक्यांच्या जाळ्या आणि फाडलेली एक पैठणी, असा वर्षाचा हिशेब मी परवा वहीत मांडला. बेरीज बघून हिला म्हणालो, "काशीला जाऊन सोन्याचं मांजर दिलं असतं तर स्वस्त पडलं असतं."

ती म्हणाली, "हळू बोला, झोपलीत." आणि मला उठायची सोय नव्हती. दोघंही माझ्याच मांडीवर होती.